साडेचारशे मिलिसेकंद

सर्व्हर सापडत नाही, म्हणतो स्वयंपाकघरातला डबा.
सापडत नाही म्हणजे काय? इथंच तर आहे,
माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेशेजारी.
पुरानंतर आमच्या गावभागात
जे जे विजेवर चालतं ते माळ्यावर गेलं.
भिंतीवरची रेघ दोनदा रंगवली,
ती ओल धरून पुन्हा वर येते.

भरतेश पुण्याहून फोनवर सांगतो,
आण्णा, राउटर बंद करा, तीस मोजा, चालू करा.
मी तीस मोजतो.
टेलिफोन एक्सचेंजात तेहतीस वर्षं काढली मी.
बिघाड असला की तार असायची,
तारेला दोन टोकं असायची,
मधे कुठंतरी उंदीर.
हवेला टोक कुठलं?

पहिला आठवडा पत्त्यात गेला.
लाइट जाऊन आली की राउटर सगळ्यांना नवे पत्ते वाटतो.
काल एकशे चारमध्ये राहणारा डबा आज एकशे नऊमध्ये,
आणि सर्व्हर जुन्याच दारावर थापा मारत बसलेला.
शेवटी एकेकाला कायमचा पत्ता लिहून दिला,
सातबाऱ्यावर नाव चढवावं तसा.

दुसरा फायरवॉलमध्ये.
३४८३ नंबरचं दार उघडं हवं होतं,
ते उघडलं, आणि भीतीनं
बाकीची सगळी तीन-तीनदा ओढून पाहिली.
मग लॉग वाचले, रात्री दोनपर्यंत.
एकच ओळ पुन्हापुन्हा:
वाट पाहिली, उत्तर नाही.
वाट पाहिली, उत्तर नाही.
आमच्या रजिस्टरातही हेच असायचं,
फक्त खाली सही असायची.

आणि निघालं काय, तर हळदीचं पिंप.
पद्मलनं चैत्रात सरकवलेलं, स्टीलचं, कंबरेएवढं,
माळ्याच्या आणि डब्याच्या बरोबर रेषेत.
दोघांनी मिळून ते हात दीड हात हलवलं.
निळा दिवा पांढरा झाला.
हाताला वास राहिला तीन दिवस.

आता यादी उघडते.
अज्ञात कलाकार, अज्ञात कलाकार, अज्ञात कलाकार.
कॅसेटी वाचल्या, त्यांच्यावरची शाई पाण्यानं नेली.
ट्रॅक सात मात्र मी ओळखतो:
मिरजेचा उरूस, दर्ग्याची चिंच,
मांडीवर टेप घेऊन मी बसलेलो,
आणि बाई षड्ज लावणार इतक्यात कुणीतरी खोकतं.

राहिली एकच खोड.
बाहेरच्या खोलीतला डबा आधी गायचा,
स्वयंपाकघरातला मागून, अर्ध्या सेकंदाला जरा कमी.
बोळात उभं राहिलं की प्रत्येक शब्द दोनदा.
माझ्यासारख्याला हे सहन व्हायचं नाही.
टाळ्या वाजवून मोजलं, आकडे घातले, काढले,
रविवारी दुपारी दोघं एका श्वासात आले.
घरभर एकच आवाज. मी खुर्चीत बसलो.

पद्मल बाहेर आली, हाताला पीठ.
काय केलासा आज?
जुळवलं, म्हटलं. आता कसं?
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, बाहेरचं सुटलं तर
ते मला आतल्यात घावायचं.
आता सुटलं की सुटलंच.

कधीपासून?
उजवा कान गेलाय की. झाली दोन वर्षं.

दोन वर्षं मी समजत होतो
ही माझं ऐकून न ऐकल्यासारखं करते.
दोन वर्षं मी आवाज चढवत होतो, शब्द तेच.

संध्याकाळी शिडी लावून माळ्यावर चढलो.
स्वयंपाकघर, उशीर: साडेचारशे.
यंत्रानं विचारलं, डबे जुळणार नाहीत, नक्की ना?
नक्की.
भरतेशला कळवलेलं नाही,
तो पुन्हा तीस मोजायला लावेल.

खाली येऊन ट्रॅक सात लावला.
बाहेर खोकला झाला. तिची पोळी तव्यावर होती,
मान हलली नाही.
मग आत झाला.
तुम्हीच न्हवं हे खोकताय? ती म्हणाली,
आणि पोळी उलटली.