कात्री

साखर पेठेतल्या बोळात
चिल्वेरी खेळणी व क्रीडा साहित्य.
पाटीवरचा 'क्री' कधीच उडून गेला,
म्हणून आम्ही आठ जण अजून म्हणतो:
रविवारी डा-साहित्यात.

पुढे कॅरमच्या सोंगट्या, बोरिक पावडर, प्लॅस्टिकच्या बॅटी.
मागे पडद्याआड एक लांब टेबल,
मुळात टॉवेलच्या घड्या घालायचं.
इरेशम अण्णांच्या वडिलांचे माग भंगारात गेले,
टेबल राहिलं.
त्याच्यावर आम्ही बेटं वसवली, रेल्वे टाकल्या,
रेवणसिद्धनं एका दुपारी तीन राज्यं बुडवली
आणि चहाचे पैसेही.

अण्णा कधी विचारायचे नाहीत, घेणार काय.
लाईट गेली की फक्त
हातपंखा पडद्याखालून आत सरकवायचे
आणि तेलुगूत स्वतःशी काही पुटपुटायचे.
श्रुती वंगारीला ते कळायचं.
ती सांगायची नाही.

मग एका मे महिन्यात, पारा चव्वेचाळीस,
तौसिफनं खोकं आणलं, मोबाईलवरून मागवलेलं.
चारशे वीस रुपयांनी स्वस्त.
(आकडा खरा आहे, मी काय करू.)
चिकटपट्टी अशी की दातांनीही सुटेना.
'अण्णा, कात्री आहे का?'

तोच खेळ समोर काचेमागे उभा होता.
दिवाळीत आम्हीच म्हटलं होतं, मागवून ठेवा, घेतो.
उन्हानं झाकणावरचा निळा समुद्र
ताकासारखा पांढरा झालेला.

अण्णांनी कात्री दिली.
मूठ आमच्याकडे करून,
पाती स्वतःच्या तळहातात धरून.

त्या दिवशी कोण जिंकलं आठवत नाही.
नियम मी वाचले, मोठ्यानं,
आणि माझाच आवाज मला
वसुलीला आलेल्या माणसासारखा वाटला.

सात रस्त्यापर्यंत गाड्या ढकलत चाललो,
किक कुणीच मारली नाही.
तिथे श्रुती म्हणाली,
ते काय पुटपुटतात, सांगू?
'घेत नाहीत, पण येतात तरी.'
तौसिफ म्हणाला, गप बे.
थोड्या वेळानं म्हणाला, परत सांग.

माफीबिफी मागितली नाही.
आमच्याकडे माफी मागितली
की समोरचा घाबरतो, कोण गेलं म्हणून विचारतो.
पुढच्या रविवारी काचेमागचा खेळ घेतला,
पांढऱ्या समुद्रासकट, छापील किमतीला.
अण्णांनी पन्नास कमी केले.
आम्ही ते गल्ल्याखाली सारून आलो.
त्यांनी ते चहात वळते केले.
आज चार वर्षं हा हिशेब चालू आहे,
कुणाकडे किती निघतात ते कुणालाच माहीत नाही,
आणि मिटवायची घाईही नाही.

आता एक वही आहे.
हवं ते आधी लिहायचं, निम्मे पैसे ठेवायचे,
मगच अण्णा पुण्याला फोन लावतात.
शनिवारी आम्ही शाळकरी पोरांना शिकवतो.
आया बाहेर स्टुलावर घाम पुसत बसतात,
निघताना काही ना काही घेतात.
बहुतेक वेळा नुसता चेंडू.
चेंडूवरपण दुकान चालतं, अण्णा म्हणतात,
सावकाश.

त्या पांढऱ्या समुद्रात
एक हिरवं जहाज कमी निघालं होतं.
कंपनीला कळवू, आम्ही म्हणालो.
अण्णा आत गेले,
जुन्या मागाची एक कांडी घेऊन आले,
हिरव्या सुताचे दोन-तीन फेरे अजून तिच्यावर.
आमच्या बंदराला तीच लागते.
तौसिफच्या माळ्यावरच्या खोक्यात
जहाजं पुरती आहेत.
ते खोकं कुणी खाली काढत नाही.

नवा कुणी आला की विचारतो,
हे काय मधेच?
रेवणसिद्ध सांगतो, जहाज आहे, तू फासा टाक.
श्रुती तेलुगूत काहीतरी पुटपुटते
आणि सांगत नाही.