जुने पार्ट परत

नवतप्याचा चौथा दिवस.
रामबागेतल्या माझ्या दुकानात सतरा कूलर,
अन् त्यांच्यामधून वाट काढत
पौनीकर बाई आल्या, काखेत चपलांचं खोकं.
'मोटारच आहे ना शेवटी,' म्हणाल्या, 'छोटी.'

मी झाकण उघडलं.
हिरवं इंजिन, पत्र्याचं, पोटावर जर्मनीचा शिक्का,
तीन डबे, त्यातल्या एकाला दार नाही,
आणि रुळांचे तुकडे, जुन्या पेपरात
भाकरीसारखे गुंडाळलेले.
'भाऊ येतोय जूनच्या एकवीसला. त्याची आहे.
सहासष्ट सालापासून बंद.'

म्हटलं, नवतपा सरू द्या, बाई.
माणसं उकडून राहिली, आधी ती.

मग एका रात्री शटर अर्धं पाडून बसलो.
चार स्क्रू. चौथा हलेना,
त्याच्या डोक्यावर कुणीतरी आधीच सुरी चालवलेली.
रॉकेलचा थेंब सोडला आणि जेवून आलो.
लोखंडाशी घाई करायची नाही,
हे मला एका रुसलेल्या पंख्यानं शिकवलंय.

आत आर्मेचर, तीन दातांचं,
माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं.
तीस वर्षं तांब्याची तार गुंडाळतोय मी,
पण ही तार केसाहून बारीक,
श्वास जोरात सोडला तरी तुटायची.
नातवाच्या भिंगातून वेढे मोजत गेलो:
एकशे साठ, एकशे एकसष्ट,
तेवढ्यात अजनीकडून मालगाडीचा भोंगा
अन् आकडा गेला.
पुन्हा एक.

दुसऱ्या रात्री चाकं काढली.
मागच्या कण्याला काहीतरी काळं.
मला वाटलं, जळकी तार.
चिमट्यानं ओढलं तर येतच राहिलं,
येतच राहिलं, वीतभर, वर आणखी चार बोटं.
केसांची बट.
तेलानं चिकटलेली, एका टोकाला
कात्रीनं सरळ कापलेली.

म्हणजे गाल फरशीवर टेकवून, एक डोळा मिटून
कुणीतरी पडलं होतं रुळाशेजारी,
येणारी गाडी खरीखुरी वाटावी म्हणून.
चाक अडलं. तार तापत गेली.

मी काही बोलणारा माणूस नाही.
व्हार्निश दिलं, बल्बखाली वाळवलं,
पेन्सिलीच्या शिशाएवढे ब्रश घासून बसवले,
रूळ खोडरबरानं पुसले,
काळं निघालं, खाली लख्ख पत्रा.

बारा व्होल्ट. हळूच.
ती गुरगुरली, ठिणगीचा वास आला,
अन् उरलेल्या नऊ कूलरांना वळसा घालून
पुन्हा माझ्यापाशी.
शेजारचा बंडू खर्रा घोटता घोटता थांबला.
'काय बनवून राहिला बे?'
'रेल्वे.'

आमच्या धंद्यात जुने पार्ट परत द्यायचे असतात,
गिऱ्हाइकाला कळावं, बिल खोटं नाही.
म्हणून पुडीत घातली जळकी तार,
झिजलेले दोन ब्रश,
आणि ती बट, गुंडाळी करून.

बाईंनी पुडी उजेडात धरली.
चष्मा वर केला. बराच वेळ.
आता त्यांचा बॉयकट, पांढराशुभ्र.
'मार त्याला पडला होता,' म्हणाल्या.
'बिघडवली म्हणून. दोन दिवस जेवला नाही.'
आणि मग, दोरी शोधत,
'मला हात लावायची परवानगी नव्हती.'

मी बिल पुढे केलं. साडेचारशे.
त्यांनी पाचशेची नोट दिली, सुटे मोजून घेतले,
पुडी ठेवली डब्यात,
ज्याला दार नाही त्या.
खोक्याला एक गाठ मारली, सोडली.
'एकदा चालवता का? इथेच.'

मी कूलर सरकवले.
त्यांच्या गुडघ्यांना वेळ लागला.
फरशी तापली आहे, बाई, म्हटलं.
'असू दे,' म्हणाल्या, आणि गाल टेकवला.