हजार

विडी घरकुलात दिवसाला हजार.
पंचवीसचा कट्टा, असे चाळीस;
कारखान्यात चेकर त्यातून छाट काढतो.

पीएचडीतही माझं हजारच:
एका गालामागे हजार पेशी मोजायच्या,
केंद्रकापासून सुटलेला
बारीक ठिपका दिसला की नोंद.

गाल खरवडायला तोंड उघडण्याआधी
अम्मा म्हणाली,
लवकर कर, पानं भिजवलीत.

मॅडमनी नावं झाकून स्लाइड्सना आकडे दिले.
कोण कुठली, मला कळायला नको.

सोलापूरचा एप्रिल. पंखा बंद,
कागद उडतात म्हणून.
एकेचाळीस नंबरला ठिपके जास्त.
मी पुन्हा मोजते.
पुन्हा.

रात्री ती विचारते, झाले का हजार?
झाले, म्हणते.
सुपातली तंबाखू झाकून
ती ताटं घेते.