फोन ठेवायची जागा

महासत्तेच्या दारात मोबाईल चालत नाही,
म्हणून माझा धंदा चालतो.
फोनचे पन्नास, बॅगेचे शंभर,
प्लास्टिकचा बिल्ला, त्यावर मार्करने आकडा.
वांद्रे-कुर्ला संकुल, सकाळचे सहा,
मिठीवरून येणारा तो वास
आणि कडक इस्त्रीच्या शर्टांत घाबरलेली माणसं.

"मावशी, आत किती वेळ लागतो हो?"
मी म्हणते, देवाच्या दारी लागतो तेवढा.
कोणी हसत नाही.

माझ्या बापाची या देशाशी ओळख जुनी.
लवू आंगचेकर, टॅली क्लार्क, अलेक्झांड्रा डॉक.
नाव विलायतच्या राणीचं, गहू अमेरिकेचा, पाठी आमच्या.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, की पाच गोणी.
रात्री झोपेतसुद्धा त्याचं बोट
गोधडीवर रेघा मारत असायचं.

तो लाल गहू.
आई म्हणायची, चपाती कसली, चपलेचा तळवा.
पण खाल्ला. सहाजणांनी, रॉकेलच्या स्टोव्हभोवती, दोन वर्षं.
रिकाम्या पिशवीची थोरल्याला चड्डी शिवली,
मागे छापलेले दोन हात, एकमेकांत धरलेले.
दोन देशांची मैत्री घेऊन तो गल्लीभर पळायचा
आणि दमला की तिच्यावरच बसायचा.

एकाहत्तरच्या डिसेंबरात काचांना काळा कागद.
बातमी आली, त्यांचं आरमार निघालंय बंगालच्या उपसागराकडे.
बाबा उष्ट्या हाताने तसेच बसून राहिले.
"ज्याचं अन्न खाल्लं..." एवढंच म्हणाले,
पुढचं वाक्य हाताबरोबर वाळलं.
ते पोचले तेव्हा ढाक्यातलं सगळं आवरत आलं होतं.
नंतर कितीतरी वर्षं, कुठलीही लढाई लागली की
ते एकच सांगायचे, गोदीतल्या माणसाचं:
जहाज जेवढं मोठं
तेवढं त्याला थांबायला पाणी जास्त लागतं.
वळायला तर विचारूच नका.

पिशवीत फोन वाजत राहतात.
'मम्मी'. 'लोन एजंट'. 'बाप्पा मोरया ग्रुप'.
नकाशे त्यांचे, चिठ्ठ्या त्यांच्या, शोधायची खिडकी त्यांची,
आणि त्यांच्याच दारात ते नको.
एकाची पाठ वाचली मी चष्मा लावून,
बारीक अक्षरात, जुळणी चीनची.
भिवंडीचा मुकादमांचा रेहान तिसऱ्यांदा बाहेर आला,
चिठ्ठीची चार घड्यांची पुडी करून.
म्हणाला, मावशी, तिकडे आता पहिल्यासारखं राहिलं नाही.
मी म्हटलं, हो रे बाबा.
पुढची तारीख कधीची? तर म्हणे, मार्चची.

पालिकेची गाडी दिसली की मीही उठते,
चाळीस फोन पोटाशी धरून पुलाखाली.
माझी महासत्ता ती. तिचा टेम्पो निळा आहे.

रविवारी नातवाला राणीच्या बागेत नेलं.
पेंग्विन बघून झाले, मग काळ्या घोड्यावरचा राजा.
बाबांच्या गोदीला जिचं नाव होतं तिचा हा नवरा.
पूर्वी फोर्टात चौकात उभा होता, मग इथे आणून ठेवला,
माकडांच्या शेजारी म्हणा.
घोड्याच्या सावलीत एक कुटुंब भाकरी सोडून बसलेलं,
लोणच्याची बरणी चौथऱ्यावर.
याच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता, मी नातवाला सांगितलं.
तो म्हणाला, मग लाईटबिल?
तेवढ्यात रखवालदाराने शिट्टी मारली,
चला, बंद व्हायची वेळ झाली.

एकतीस नंबरचा बिल्ला परत आलेला नाही.
सहा महिने झाले.
आत गेलेला माणूस दुसऱ्या दाराने निघाला असेल,
की थेट विमानात बसला, की विसरला, कोण जाणे.
फोन माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या घडीत.
परवा म्हटलं, चार्ज करून बघू, कोणीतरी शोधत असेल.
घरातली एकही पिन
त्याला बसत नाही.