पहिली चौकट त्याची

कार्डावर एकतीस चौकटी.
पहिली त्याची, तीस माझ्या.
सुसूचा हा नियम एगिरने पहिल्याच दिवशी सांगितला,
कानावर पेन्सिल, बुटांवर सेकोंदीची लाल धूळ.
पूर्वी शाळेत गणित शिकवायचा म्हणे.
रोज पाच सेडी. जास्त दिलेस तर परत करीन,
कमी दिलेस तर घेणार नाही.

मी केंकी विकते. आंबवलेलं मक्याचं पीठ
केळीच्या वाळल्या पानात बांधून
पहाटे तीनला चुलीवर चढवते.
केंकी दोन दिवस टिकते. मासळी टिकत नाही.
संध्याकाळी टोपलीत जे उरतं
ते सकाळी मांजरंही हुंगून सोडतात.

म्हणून फ्रीझर.

टाकोराडीला जुन्या सामानाच्या दुकानात होता तो,
पांढरा, पेटीसारखा, डाव्या कोपऱ्याला पोचा,
तळाशी कुणा परक्या घरातला
मटारचा एक सुरकुतलेला दाणा.
दर रविवारी चर्चमधून थेट तिकडे.
भाव विचारायचे, जणू आजच उचलणार.
दुकानदार कंटाळून वायर जोडायचा,
मग मी झाकण उघडून
कोपरापर्यंत हात आत घालायचे.
ती थंडी मला आठवडाभर पुरायची.

मान्साच्या सासऱ्याच्या मयतीला
सगळ्या बायकांनी एकसारखं काळं-तांबडं कापड घेतलं.
मी जुनंच नेसून गेले.
बघत होत्या. बघू देत.
माझ्या कोपराशी थंडी होती.

जानेवारीत हारमटानचा वारा सुटला, ओठ फुटले.
चौथ्या कार्डाच्या अकरा चौकटी बाकी होत्या
त्या रविवारी दुकानात
जमिनीवर नुसता एक चौकोन,
आजूबाजूच्या धुळीपेक्षा स्वच्छ.
"दुसरा येईल की, बाई," दुकानदार म्हणाला,
"बोट लागते दर महिन्याला."

दुसरा! मला त्या दाण्यासकट तोच हवा होता.

सोमवारी एगिरला म्हटलं, आज नाही.
मंगळवारीही नाही.
बुधवारी पोराला आइसक्रीम, मलाही एक,
गुरुवारी केसांच्या नव्या वेण्या,
शुक्रवारी कशात गेले ते आठवतसुद्धा नाही.
पैसा मुठीत राहिला की वळवळतो,
जाळ्यातून नुकत्याच काढलेल्या हेरिंगसारखा,
आणि मूठ तरी किती वेळ आवळायची?

एगिरने उपदेश केला नाही.
रोज यायचा. पाण्याची पिशवी दाताने फोडायचा,
निम्मं पाणी प्यायचा, निम्मं टकलावर ओतायचा,
रिकाम्या चौकटीत बारीक तारीख लिहून
शेजारच्या टायरवाल्याकडे निघून जायचा.
अकराच्या अकरा चौकटी अशाच गेल्या.
एवढा राग मला कुणाच्या बोलण्याचाही आला नव्हता.

एक तारखेला त्याने नवं कार्ड बाकावर ठेवलं.
घे म्हणाला नाही, नको का म्हणून विचारलंही नाही.
उजव्या बुटाचा तळ सुटला होता,
मासे बांधायच्या निळ्या दोरीने त्याने तो बांधला होता.
मी कार्डाकडे पाहिलं.
पहिली चौकट.
ती तर माझी नव्हतीच.
माझं काही हरवलं म्हणून
याची मजुरी का बुडावी?

कनवटीची गाठ सोडली. पाच सेडी दिले.
त्याने स्वतःच्याच पोटावर फुली मारली
आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या फुलीशेजारची चौकट
दात पडलेल्या पोरासारखी
तोंड उघडून बसलेली.
तीही भरली.
तिसऱ्या दिवशी एगिर यायच्या आधीच
नोट काढून तव्याखाली ठेवली होती,
का, ते विचारू नका.

टाकोराडीला अजून गेले नाही.
बोट लागली असेल, नसेलही.
आज एकोणीस झाल्या.
टोपलीत चार मासे उरलेत,
त्यांना मीठ लावते आहे.