परत येण्याचा हेतू

कॅसेटवर नाव नव्हतं.
इनासच्या मामेभावाने मस्कतहून आणलेली,
कुणीतरी कुणाकडून भरून घेतलेली,
दुसऱ्या बाजूला निम्मी गाणी, निम्मी कुणाच्या तरी बारशाची गडबड.
आम्ही त्यांना नुसतं 'ते चौघे' म्हणायचो.
चौघे, हेही अंदाजानेच.
पुढे कळलं, पाच होते.

कोलेकल्याणच्या गावठाणात, क्रुसासमोरच्या ओट्यावर
इनास त्यातला एकेक सूर उचलून गिटारवर ठेवायचा
आणि मी, ज्याला काहीच वाजवता येत नाही,
पेन्सिलीने टेप मागे फिरवायचो.
धृपद आम्हाला ऐकू यायचं, 'आण ना दोरी'.
एकोणतीस वर्षं तेच म्हणत आलो.
दोरी कशाला हवी, कुणी विचारलं नाही.

मग बातमी आली. शेवटचा दौरा. हॅम्बुर्ग, नोव्हेंबर.
मी मुदत ठेव मोडली,
बैलबाजारातल्या चष्म्याच्या दुकानावर 'सहा दिवस बंद' लिहायची पाटी आणली.
इनासने सांगितलं तेव्हा फिलोमिना तांदूळ निवडत होती.
म्हणाली, जा की. पण तुला ऐकू येणारे का?

खरं होतं ते.
विमानांच्या हँगरमध्ये बावीस वर्षं,
इंजिनाच्या तोंडाशी उभं राहून राहून
डावा कान गेलेला, उजवा निघायच्या तयारीत.
'मला पाठ आहे ना सगळं,' तो म्हणाला,
'ऐकायचंय कुणाला? बघायचंय.'

बीकेसीत, व्हिसावाल्यांच्या काचेआड,
मशीन त्याची बोटं ओळखेना.
डाव्या हाताची चार टोकं,
तारांनी घासून गुळगुळीत.
काका, जरा जोरात दाबा, मुलगी म्हणाली.
त्याने दाबलं,
मान कलती करून, जणू खाली तारच आहे.

तीन आठवड्यांनी माझा पासपोर्ट आला व्हिसा लावून.
त्याचा आला एका कागदासकट:
परत येण्याचा हेतू खात्रीलायक वाटत नाही.
इनासचा!
जो वसईला सासुरवाडीत एक रात्र राहिला नाही,
उशी बदलली की झोप येत नाही म्हणून.
त्याने कागद दोनदा वाचला, घडी घातली,
आणि आत जाऊन रात्रपाळीचा जाड स्वेटर आणून
माझ्या मांडीवर टाकला.

हॅम्बुर्गचं फार काही सांगण्यासारखं नाही.
थंडी. कडक पाव.
दाराशी एका पोरीने प्रत्येकाच्या हातावर
पिवळ्या स्पंजचे दोन दोन बोळे ठेवले,
कानात घालायला, फुकट.
मी खिशात टाकले.
मंचावर चारच जण. एक मधल्या काळात वारला म्हणे.
म्हणजे आमचाच आकडा शेवटी बरोबर ठरला,
आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

धृपद आलं तेव्हा नऊ चाळीस.
हजारो माणसं बरोबर शब्द म्हणत होती,
मी एकटा दोरी मागत होतो, बेंबीच्या देठापासून.
फोन लावला. कलिन्यात दोन दहा.

पुढचं फिलोमिनाने सांगितलं.
त्याने फोन कानाला लावलाच नाही.
परात पालथी घातली टेबलावर,
तिच्यावर फोन ठेवला,
आणि डाव्या हाताची चार बोटं काठाला टेकवून
बसून राहिला, दिवा न लावता.
मधेच म्हणाला,
'बेस जरा मागे पडतोय.'

परत आलो. माझ्या हेतूबद्दल कुणाला शंका नव्हती.
त्याच्यासाठी काही आणलं नव्हतं,
टी-शर्टाची किंमत बघून हात मागे घेतलेला.
ओट्यावर बसून पिवळे बोळे त्याच्या तळहातावर ठेवले.
'काय हे?'
मी उजव्या बाजूला सरकलो आणि ओरडलो,
'कानाला इजा होऊ नये म्हणून!'

इतका हसला की फिलोमिना बाहेर आली.
मग एक बोळा त्याने चिमटीत धरला,
दाबून दाबून काडीएवढा केला,
सोडला,
आणि तो सावकाश फुगत आपल्या जागी येईपर्यंत
बघत बसला.