ऐंशीपैकी बत्तीस

ग्युमरीच्या भूकंपमापन केंद्राच्या तळघरात
वर्दगेस स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारतो
आणि जुन्या संगणकाचं पोट उघडतो.
आत धुळीची करडी गादी,
एक मेलेला कोळी,
आणि कुणाच्या तरी शर्टाची गुंडी.
तुझीच, तो म्हणतो.
माझी नाही.

नवी डिस्क येरेवानहून बसने आली,
वर्तमानपत्रात गुंडाळून, जर्दाळूच्या खोक्यात.
तिच्या पाठीशी बारीक टाचण्यांची रांग,
आणि त्यांवर बसायची ती
तांदळाच्या दाण्याएवढी काळी टोपी
नेमकी गायब.
मग जुन्या डिस्कची काढली,
माझ्या भुवयांच्या चिमट्याने.
मेलेल्याची टोपी जित्याच्या डोक्यावर,
वर्दगेस म्हणाला,
आणि जरा वेळ कुणीच हसलं नाही.

चपट्या केबलची लाल कड पहिल्या टाचणीकडे.
बटण.
पंखा खोकला, घरघरला, लागला.
अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखं
यंत्र पायाने चाचपत गेलं
आणि म्हणालं: बत्तीस.
खोक्यावर ऐंशी लिहिलंय, मी म्हटलं.
याला बत्तीसपुढे मोजता येत नाही, वर्दगेस म्हणाला.
ज्यांनी बनवलं त्यांना वाटलं,
एवढी रिकामी जागा लागणार कुणाला?

आमच्या गावाला विचारायचं होतं.
चौकापासून स्टेशनपर्यंत
किती ठिकाणी नुसती हवा उभी आहे,
जिथे पूर्वी तिसरा मजला होता.

बत्तीस तर बत्तीस. बांध घातला.
एक वाटा यंत्राचा, एक जमिनीच्या थरथरीचा.
उरलेले अठ्ठेचाळीस पडीक,
ना खातं, ना सातबारा.

सर्व माहिती नष्ट होईल. पुढे जायचं?
कोऱ्या डिस्कलाही तो हेच विचारतो.
नष्ट व्हायला आहे काय तिच्यात!
वर्दगेसने फट्‌कन हो दाबलं.
मी थांबले असते. उगीच.

तीन टक्के. चार.
रानओव्याचा चहा निवत चाललेला.
त्याची आई अजून लोखंडी वॅगनमध्येच राहते.
पक्कं घर मिळून दोन वर्षं झाली,
किल्ली खिळ्याला टांगलेली.
तिथे कुठे काय ठेवायचं ते सुचत नाही म्हणते,
आणि इथे अंधारातही काडेपेटी सापडते.

एकोणीस.
जुनी डिस्क टेबलावर उताणी.
तिच्यात खराब जागा सापडली की
यंत्र खूण करून ठेवायचं:
इथे पुन्हा काही लिहू नये.
शेवटी शेवटी खुणाच फार झाल्या होत्या.

सत्तावन्न.
वरून एक ट्रक गेला.
दोघांचेही हात आपसूक टेबलाच्या कडेला.
ट्रकच.
टक्के अडखळले नाहीत,
त्यांना काय माहीत.

शंभर. खराब जागा: शून्य.
मी पुन्हा वाचलं. शून्यच.
आता नाव द्या, अकरा अक्षरांच्या आत.
मी काहीतरी भारदस्त शोधत होते
तोवर वर्दगेसने खोक्याकडे पाहिलं
आणि लिहून टाकलं: जर्दाळू.

दुपारी नोंदी पुन्हा सुरू झाल्या.
पहिलीच नोंद, एक वाजून बारा मिनिटांनी:
क्षीण, एकच धक्का, अगदी जवळून.
वर्दगेसने मुठीने ठोकून
झाकण बसवलं होतं.